हिवाळ्यात अचानक ठरलेला समुद्रकिनारी मुक्काम: तंबूत राहणाऱ्या कुटुंबासाठी सविस्तर मार्गदर्शन

डिसेंबर-जानेवारीत गुरुवारी रात्री जेवताना शनिवार-रविवारचा विषय निघतो, मुलांना शाळा नाही हे लक्षात येते, आणि घरातले कोणीतरी कोकणात समुद्रावर तंबू ठोकून राहण्याचे सुचवते. अशी सहल एका दिवसाच्या तयारीत उत्तम पार पडू शकते. हवा कोरडी असते, पावसाची धास्ती नसते, दुपारचे ऊन सोसते, आणि रात्रीचा गारवाही पांघरुणात सुखाचा वाटेल इतकाच असतो. मात्र अशा वेळी बहुतेक घरांत पहिली धावपळ पिशव्या भरण्याची होते आणि मुक्काम नेमका कुठे, याचा विचार किनाऱ्यावर पोहोचल्यावर, अंधार पडता पडता सुरू होतो. हा क्रम उलटा करायला हवा. आधी तिथी, मग जागा, मग निघण्याची वेळ आणि सामान सर्वांत शेवटी, असा क्रम ठेवला तर घाईत निघूनही धोका पत्करावा लागत नाही. पुढील माहिती रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांचा किनारा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहे.

तिथी पाहणे

भिंतीवरची दिनदर्शिका पाहून मुक्कामाच्या रात्रीची तिथी कोणती, हे आधी पाहावे. आपल्या किनाऱ्यावर साधारण १२ तास २५ मिनिटांच्या अंतराने, म्हणजे दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. किनाऱ्यावरची माणसे ही वेळ तिथीवरून काढतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पाणी पूर्ण चढलेले असते; अष्टमीला सहा वाजता, एकादशीला सव्वाआठला, आणि पौर्णिमा किंवा अमावास्येला दुपारी व मध्यरात्री साडेअकरा-बाराच्या आसपास. शुक्ल आणि कृष्ण अशा दोन्ही पक्षांना हाच हिशोब लागू पडतो. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. हा ठोकताळा असल्याने त्यात तासाभराचा फरक पडू शकतो. म्हणून जवळच्या बंदराचे भरती-ओहोटीचे कोष्टक मोबाइलवर पाहून ती वेळ कागदावर लिहून घ्यावी. किनाऱ्यावर पोहोचल्यावर मोबाइलला रेंज असेलच, असे गृहीत धरू नये.

वेळेइतकेच महत्त्व भरतीच्या उंचीला आहे. पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत उधाणाची भरती असते. मुंबई-अलिबागच्या बाजूला त्या दिवसांत भरती-ओहोटीच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. दक्षिणेकडे, सिंधुदुर्गात, हा फरक बराच कमी असतो. अष्टमीच्या पुढेमागे भांगाची भरती असते, तेव्हा पाणी फारसे वर चढत नाही आणि फार खालीही जात नाही.

येथे हिवाळ्यापुरती एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण नवख्या माणसाची गफलत नेमकी तिच्यापाशी होते. एकाच दिवसातल्या दोन भरती सारख्या उंचीच्या नसतात. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर पावसाळ्यातील उधाणात दुपारची भरती मोठी असते, तर हिवाळ्यातील उधाणात मध्यरात्रीची. दोहोंत पाऊण मीटरपर्यंतही अंतर असू शकते. सपाट पुळणीवर, म्हणजे वाळूच्या किनाऱ्यावर, पाऊण मीटर उंची म्हणजे पाणी कित्येक पावले आत येणे. दुपारी बारा वाजता समुद्र कुठवर आला हे पाहून त्या रेषेच्या थोडे वर तंबू लावणाऱ्या कुटुंबाच्या अंथरुणापर्यंत रात्री साडेबाराला पाणी पोहोचते, ते यामुळेच.

त्यामुळे निवडीला वाव असेल, तर लहान मुले बरोबर असणाऱ्या घराने सप्तमी ते दशमीच्या दरम्यानचा शनिवार धरावा असे माझे स्पष्ट मत आहे. त्या दिवसांत पूर्ण भरती संध्याकाळी सव्वापाच ते साडेसात आणि पुन्हा तशाच वेळी सकाळी येते. तंबू उभा करतानाच संध्याकाळचे पाणी कुठवर चढते ते डोळ्यांनी दिसते, मध्यरात्री समुद्र दूर गेलेला असतो, आणि सकाळची भरती येईपर्यंत घर जागे झालेले असते. उधाणाच्या दिवशीच निघायचे असेल तर किनाऱ्यावरच्या उघड्या वाळूचा विचार सोडून द्यावा आणि मुक्काम नारळ-पोफळीच्या वाडीत करावा.

तिथीबरोबर हवामानही पाहावे. हिवाळा आहे म्हणून समुद्र शांतच असेल असे नसते. डिसेंबर २०१७ च्या पहिल्या आठवड्यात ओखी चक्रीवादळामुळे मुंबईसह कोकण किनाऱ्यावर पाऊस झाला होता. भारतीय हवामान विभागाचा अंदाज आणि हैदराबादच्या इन्कॉइस या संस्थेकडून दिला जाणारा उंच लाटांचा इशारा निघण्याच्या दिवशी सकाळी पाहावा. इशारा असेल तर बेत पुढे ढकलावा. त्यात तडजोड करू नये.

जागा ठरवणे

समुद्रकिनारा सर्वांचा असला, तरी त्यावर कोठेही तंबू ठोकून रात्र काढण्याची मुभा आहे असे समजू नये. किनाऱ्यालगतची सुरूची बने अनेक ठिकाणी वन विभागाच्या ताब्यात आहेत, पुळणीची देखभाल ग्रामपंचायत पाहते, आणि रात्री सागरी पोलिसांची गस्त असते. गावात पोहोचताच ग्रामपंचायतीत किंवा किनाऱ्यालगतच्या पहिल्या घरी विचारावे. गावकऱ्यांनी नको म्हटले तर हुज्जत न घालता दुसरी जागा पाहावी. गोव्याकडे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावे की तेथे पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाक करण्यास कायद्याने बंदी आहे.

अचानक निघालेल्या कुटुंबासाठी सर्वांत सोयीची जागा म्हणजे समुद्राला लागून असलेली नारळ-पोफळीची वाडी. नागाव, रेवदंडा, काशीद, दिवेआगर, श्रीवर्धन, कर्दे, लाडघर, मुरुड, गुहागर अशा गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय करणारी पुष्कळ घरे आहेत. खोल्या भरलेल्या असल्या तरी अंगणात किंवा वाडीत तंबू लावू देणारे मालक मिळतात. फोनवर बोलताना स्पष्ट विचारावे: रात्री शौचालय उघडे असेल का, विहिरीचे पाणी गोडे आहे की मचूळ, गाडी आत येते का, वाडीतून पुळणीवर जायला किती पावले चालावे लागते, आणि शेकोटी चालेल का. आजी-आजोबा बरोबर असतील, तर त्यांच्यासाठी एखादी खोली किंवा निदान पडवीत एक खाट आधीच सांगून ठेवावी. दोन नातवंडे तंबूत आणि आजी पंधरा पावलांवर पडवीत, ही रचना सर्वांनाच झोप देते. शौचालयाचा प्रश्न संकोचापोटी मागे ठेवला जातो आणि त्याचा त्रास घरातल्या बायकांना सर्वांत जास्त होतो. म्हणून तो पहिल्या फोनमध्येच सोडवावा.

काही किनारे मात्र हिवाळ्यात तंबूसाठी टाळलेलेच बरे. वेळास, आंजर्ले, हरिहरेश्वर यांसारख्या पुळणींवर साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या रात्री अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी असतात आणि पिले बाहेर यायला दीड-दोन महिने लागतात. माणसांची वर्दळ आणि उजेड दिसला की मादी अंडी न घालताच परतते. नुकतीच बाहेर आलेली पिले समुद्रावरच्या उजळ क्षितिजाकडे धावतात. मागे शेकोटी किंवा दिवा असेल तर ती उलट दिशेला, मरणाकडे जातात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये सुरू केलेले संवर्धनाचे काम गावकऱ्यांनी आपले मानले आणि तेथे घरगुती मुक्कामाची चांगली व्यवस्था उभी राहिली. कासवे पाहायची असतील तर गावात घरी राहावे, आणि पुळणीवर पहाटे गावकऱ्यांबरोबरच जावे.

निघण्याची वेळ

डिसेंबरच्या अखेरीस कोकणात सूर्य सहाच्या थोडा नंतर मावळतो. तंबू, अंथरुणे आणि चुलीची जागा उजेडातच तयार व्हायला हवी. म्हणजे दुपारी तीनपर्यंत गाव गाठायला हवे. पुण्याहून ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा या मार्गाने दिवेआगर सुमारे १६० किलोमीटर आहे, तरी मुलांना घेऊन थांबत जाताना पाच तास सहज लागतात. मुंबईकरांना वडखळ आणि माणगावच्या कोंडीचा हिशोब धरावा लागतो. अलिबागच्या बाजूला जायचे असेल तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट गाडीसह तासाभरात पलीकडे सोडते, पण शनिवारची जागा आदल्या दिवशीच राखून ठेवावी. दिघी-आगरदांडा, बागमांडला-वेसवी आणि दाभोळ-धोपावे या खाड्यांवरच्या फेरीबोटींमुळे मोठा वळसा वाचतो. परतीच्या दिवशी शेवटची बोट किती वाजता सुटते, हे जातानाच विचारून घ्यावे.

घरातल्या घरात सामान

नवे काही विकत घेण्याची गरज फारशी पडत नाही. तंबू नसेल तर ओळखीच्या ट्रेकिंग करणाऱ्या मंडळींकडून किंवा भाड्याने मिळतो. चार माणसांचा म्हणून विकला जाणारा तंबू प्रत्यक्षात तिघांपुरता असतो, हे ध्यानात ठेवून दोन लहान तंबू घेणे चांगले. बाकीचे बहुतेक सामान घरात असते: दोन ताडपत्र्या, सतरंज्या किंवा चटया, गोधड्या, कानटोप्या, मफलर, पायमोजे, प्रत्येकाला एक बॅटरी, सुतळी आणि बारा-पंधरा मीटर नायलॉनची दोरी, सुरी, काडेपेटी, दोन बादल्या, एक जुनी केरसुणी, आणि रिकाम्या जाड पिशव्यांचा गठ्ठा. या पिशव्या तंबू ठोकताना आणि कचरा परत आणताना, अशा दोन्ही वेळी कामी येतात.

कोकणातील हिवाळा पुण्या-नाशिकइतका कडक नसतो; पहाटे तापमान बहुधा १५ ते २० अंशांच्या दरम्यान उतरते. पण उघड्यावरचे १७ अंश घरातल्या १७ अंशांपेक्षा कितीतरी गार वाटतात, कारण वाळू अंगातली ऊब खेचून घेते आणि पहाटे दहिवर, म्हणजे दव, पडते. म्हणून पांघरुणापेक्षा अंथरुणाकडे अधिक लक्ष द्यावे. दोन गोधड्या असतील तर एक खाली आणि एक वर घ्यावी. दोन्ही वर घेऊन पातळ चटईवर झोपणारा माणूस पहाटे चारला कुडकुडतच उठतो. कपड्यांचा एक संपूर्ण जोड प्रत्येकासाठी बंद पिशवीत वेगळा ठेवावा आणि तो फक्त झोपताना घालावा. दिवसभर अंगावर असलेल्या कपड्यांत मीठ आणि ओल मुरलेली असते, त्यांत ऊब धरत नाही.

पिण्या-स्वयंपाकासाठी माणशी किमान चार लिटर पाणी धरावे, म्हणजे पाच जणांच्या एका रात्रीसाठी वीस लिटरचा जार पुरतो. घरातील रोजची औषधे, दम्याच्या रुग्णाचा पंप, मलमपट्टी, मीठ-साखरेच्या पुड्या आणि डासांचे मलम एकाच डब्यात ठेवून तो डबा कोठे आहे हे सर्वांना दाखवावे.

तंबू उभा करणे

पुळणीवर आल्यावर आधी सामान उतरवू नये; पाच मिनिटे फिरून जागा वाचावी. भरतीने आणून सोडलेल्या वस्तूंची एक रेघ वाळूवर दिसते: शेवाळ, शिंपले, काटक्या, प्लॅस्टिकचे तुकडे. नीट पाहिले तर अशा दोन किंवा तीन रेघा असतात. खालची ओली रेघ आजच्या भरतीची आणि त्यावरची सुकलेली, वाळूने अर्धवट झाकलेली रेघ मागच्या उधाणाची. तंबू नेहमी सर्वांत वरच्या, सर्वांत जुन्या रेघेच्याही मागे हवा. मर्यादवेल हा आणखी भरवशाचा पुरावा. दुभंगलेल्या पानांची आणि जांभळ्या फुलांची ही वेल उधाणाच्या पाण्याच्या वरच्या बाजूला वाळू धरून पसरते. वेलीवर तंबू ठोकू नये, कारण तिच्यामुळेच वाळूचा बांध टिकतो. तिच्या मागची मोकळी, कोरडी जागा घ्यावी. खाडीच्या किंवा ओढ्याच्या मुखाशी वाळू सतत जागा बदलत असते, तेथून दूर राहावे.

मग वर पाहावे. माडाखाली तंबू कधीही लावू नये. नारळ पडतो आणि वाळलेली झावळी त्याहून अधिक वेळा पडते. सुरूची सावली चांगली, पण वाळलेल्या फांद्या लोंबत नाहीत ना, हे तपासावे. केवड्याच्या बनाला चिकटून, दगडी गडग्याला लागून किंवा पालापाचोळ्याच्या ढिगाशेजारी जागा घेऊ नये. कोकणात फुरसे आणि घोणस हे विषारी साप अशाच आडोशाला असतात.

तंबूचे तोंड कोणत्या दिशेला असावे, याचे उत्तर वाऱ्यात आहे. दुपारी समुद्राकडून खारे वारे वाहतात आणि रात्री जमीन निवली की जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे सुरू होतात. हिवाळ्यात हे रात्रीचे वारे गार असतात आणि पहाटेपर्यंत टिकतात. त्यामुळे दुपारचा वारा पाहून समुद्राकडे पाठ करून लावलेल्या तंबूत रात्री दारातूनच गारठा शिरतो. पाठ जमिनीकडे आणि तोंड समुद्राकडे किंवा किंचित तिरके ठेवावे. शेकोटीची जागा ठरवतानाही हीच पलटी लक्षात घ्यावी, म्हणजे रात्री धूर आणि ठिणग्या तंबूवर येत नाहीत.

वाळूत लोखंडी खुंट्या टिकत नाहीत. वाऱ्याच्या दुसऱ्या झुळकेला त्या उपसून येतात. त्याऐवजी जाड पिशवीत वाळू गच्च भरावी, तिच्या गळ्याला तंबूची दोरी बांधावी, हातभर खोल खड्डा खणून पिशवी त्यात आडवी पुरावी आणि वर ओली वाळू पायाने दाबून बसवावी. दोरी वाळूतून तिरपी बाहेर पडेल असे पाहावे. सरळ वर ओढली गेलेली पिशवी सुटते, तिरपी ओढलेली अधिकच रुतते. पिशव्या कमी पडल्या तर हातभर लांबीची काटकी मधोमध बांधून तशीच आडवी पुरली तरी चालते. समुद्राकडच्या दोन आणि जमिनीकडच्या दोन अशा चारही दोऱ्या आधीच पक्क्या कराव्यात, कारण वारा फिरणारच आहे.

तंबू उभा करण्यापूर्वी त्या जागेवर सर्वांनी एकदा आडवे पडून पाहावे. कमरेखाली आणि खांद्याखाली वाळू थोडी कोरून काढली की पाठ दुखत नाही. खाली ताडपत्री, वर तंबू, आत चटई आणि मग गोधडी, असा क्रम असावा. खालची ताडपत्री तंबूच्या तळापेक्षा बाहेर डोकावू देऊ नये, नाहीतर दहिवराचे पाणी तिच्यावर साचून तळाशी येते. दुसरी ताडपत्री तंबूच्या छतापासून वीतभर वर, दोरीवर ताणून बांधावी. श्वासातला दमटपणा बाहेर जावा म्हणून झरोके थोडे उघडे ठेवावेत. दाराशी पाण्याची एक बादली आणि पायपुसणे ठेवून पाय धुतल्याशिवाय कोणीही आत यायचे नाही, हा नियम पहिल्या मिनिटापासून पाळला, तर चेनमध्ये वाळू अडकत नाही आणि अंथरुणात खरखर होत नाही.

स्वयंपाक

पहिल्या दिवशीचे दुपारचे खाणे घरूनच न्यावे: धपाटे किंवा दशम्या, तिळाची चटणी, उकडलेली अंडी. रात्रीसाठी घरगुती जेवण सांगितले असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर पाच किलोच्या छोट्या सिलिंडरवर मुगाची खिचडी हा सर्वांत सोपा मार्ग. डाळ-तांदूळ, हळद, मीठ, जिरे सर्व घरीच एका पिशवीत मोजून एकत्र करून ठेवावे.

पण जानेवारीत रायगडमध्ये मुक्काम असेल आणि वाडीच्या मालकाची परवानगी असेल, तर पोपटी, म्हणजे मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा, लावावी, असा माझा आग्रह आहे. वालाच्या शेंगा या दिवसांत बाजारात भरपूर येतात. पाच-सहा जणांसाठी दीड-दोन किलो शेंगा, काही बटाटे, अंडी, जाडे मीठ, ओवा, मातीचे एक मडके आणि भांबुर्डीचा पाला एवढे साहित्य लागते. पाला स्वतः तोडण्याच्या फंदात न पडता तो गावातल्या माणसाकडूनच ओळखून घ्यावा. मडक्याच्या तळाशी पाल्याचा जाड थर द्यावा, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या शेंगा, मध्ये बटाटे व अंडी, पुन्हा शेंगा असे भरत जावे. मांसाहारी मंडळी आले-लसणाचे वाटण लावलेले कोंबडीचे तुकडे केळीच्या पानात बांधून मधोमध ठेवतात. पाणी किंवा तेल अजिबात घालायचे नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या ओलाव्यावरच सारे शिजते. तोंडाशी पाला इतका गच्च कोंबावा की मडके उलटे केल्यावर काही खाली पडणार नाही. मग ते जमिनीवर पालथे ठेवून भोवती सुकी लाकडे, गवत आणि झावळ्या रचून जाळ करावा. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्याच्या बुडावर पाण्याचे चार थेंब शिंपडावेत. चर्र आवाज होऊन थेंब तत्क्षणी उडून गेले की पोपटी झाली. मडके काढण्याचे काम मोठ्या माणसानेच, ओल्या गोणपाटाने धरून करावे, आणि पाला उपसताना मुलांना दोन हात दूर ठेवावे, कारण आतून येणारी वाफ जाळाइतकीच भाजते.

सुरूच्या बनात मात्र कोणताही जाळ करू नये. खाली पडलेल्या सुरूच्या काड्यांचा थर क्षणात पेट घेतो. शेकोटी करायचीच तर लोखंडी घमेल्यात, लहान, आणि पाण्याची भरलेली बादली शेजारी ठेवून करावी. निखारे वाळूखाली पुरण्याची सवय फार घातक आहे: वाळू उष्णता धरून ठेवते, वरून काहीच दिसत नाही, आणि सकाळी अनवाणी धावणारे पोर नेमके तेथे पाय देते. निखारे पाण्याने पूर्ण विझवावेत आणि हात लावून गार झाल्याची खात्री करावी. थंडी वाजते म्हणून निखाऱ्यांचे घमेले किंवा गॅसची शेगडी तंबूत कधीही नेऊ नये. बंद तंबूत साचणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही.

मुले आणि पाणी

हिवाळ्यातील शांत दिसणाऱ्या समुद्राचा भरवसा धरू नये. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुड-जंजिऱ्याच्या किनाऱ्यावर पुण्याहून आलेल्या महाविद्यालयीन सहलीतील डझनभराहून अधिक मुले-मुली भरदुपारी बुडून गेली. तेव्हा ना पावसाळा होता, ना वादळ. ओहोटी लागली की पाणी बाहेर खेचते, आणि गुडघाभर पाण्यातल्या माणसाच्याही पायाखालची वाळू सरकते. म्हणून समुद्रात उतरायचे ते पाणी चढत असताना, दिवसा, गावकरी जेथे उतरतात तेथेच आणि मोठ्यांच्या कमरेपेक्षा खोल नाही. सूर्यास्तानंतर पाण्यात पाय बुडवायलाही एकट्याने जाऊ नये.

‘सगळे लक्ष ठेवताहेत’ याचा अर्थ कोणीच लक्ष ठेवत नाही. तासातासाने एका मोठ्या माणसाकडे मुलांची जबाबदारी नावानिशी सोपवावी. त्या तासात त्याने मोबाइल पाहायचा नाही, फोटो काढायचे नाहीत आणि स्वयंपाकात हात घालायचा नाही. लहान मुलाच्या मनगटावर पालकांचा मोबाइल क्रमांक पेनने लिहून ठेवावा. पुळणीवर गाडी नेण्याचा मोह टाळावा. ओल्या वाळूत रुतलेली गाडी भरतीआधी निघाली नाही, तर ती समुद्राचीच होते.

जेलीफिश डसला तर जागा समुद्राच्याच पाण्याने धुवावी, चोळू नये, आणि चिकटलेले धागे चिमट्याने अलगद काढावेत. उथळ पाण्यात पाकट हा शेपटीला विषारी काटा असलेला मासा वाळूत दडून बसतो, म्हणून पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालावे. किनाऱ्यावर पडलेला समुद्रसाप मेलेला वाटला तरी त्याला हात लावू नये. साप चावल्यास जखम कापणे, चोखणे, आवळून बांधणे यांपैकी काहीही न करता तो अवयव हलू न देता रुग्णाला ताबडतोब सरकारी रुग्णालयात न्यावे. रुग्णवाहिकेसाठी १०८, कोणत्याही संकटासाठी ११२ आणि समुद्रातील मदतीसाठी तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक मुलांनाही पाठ असावेत. जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणत्या गावात आहे, हे वाडीच्या मालकाला पहिल्याच भेटीत विचारावे.

रात्र

जेवण झाल्यावर उरलेले अन्न आणि कचरा गाडीत बंद करून ठेवावा, नाहीतर पुळणीवरची कुत्री तंबूभोवती येत राहतात. गाडीचे तोंड रस्त्याकडे आणि किल्ली ठरलेल्या एकाच जागी असावी. चपला-बूट तंबूच्या आत पिशवीत ठेवावेत. बाहेर राहिले तर सकाळी झटकूनच पायात घालावेत. रात्री उठणाऱ्याने बॅटरीशिवाय एक पाऊलही टाकू नये, आणि मुलांनी आधी मोठ्यांना उठवावे. पूर्ण भरती रात्रीत येणार असेल तर तिच्या अर्धा तास आधीचा गजर लावून एकाने पाणी कुठवर आले ते पाहून यावे. पाणी जुन्या रेघेच्या जवळ येताना दिसले, तर सामानाचा विचार न करता आधी माणसे वर न्यावीत.

झोपण्यापूर्वी तासभर सगळे दिवे मालवून बाहेर बसावे. चांदणे नसेल तर डिसेंबरच्या अखेरीस रात्री नवाच्या सुमारास डोक्यावर कृत्तिकांचा झुबका, त्याच्या खाली तांबूस रोहिणी, पूर्वेकडे मृग आणि त्याच्या मागोमाग वर येणारा तेजस्वी व्याध, हे सारे शहरात वाढलेल्या मुलांना एकाच नजरेत दाखवता येते. मृगाच्या पट्ट्यातील तीन ताऱ्यांची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो, हे पाच वर्षांच्या मुलालाही जमते.

सकाळची आवराआवर

तंबू दहिवराने भिजलेला असतो, त्यामुळे पहाटे घाईने घडी घालू नये. नऊ-साडेनऊपर्यंत ऊन खाल्ल्यावर तो आतून-बाहेरून झटकावा, चेनमधली वाळू कोरड्या ब्रशने काढावी आणि पुरलेल्या पिशव्या मोजून वर काढाव्यात. वाळूत राहिलेली एखादी पिशवी पुढच्या भरतीत समुद्रात जाते. डायपर आणि सॅनिटरी पॅड पुरू नयेत किंवा जाळू नयेत, ते वेगळ्या बंद पिशवीत घरी आणावेत. किनाऱ्यावरच्या छोट्या ग्रामपंचायतींकडे आपला शहरी कचरा उचलण्याची यंत्रणा नसते.

घरी पोहोचल्यावर त्याच संध्याकाळी तंबूच्या कांड्या, चेन आणि लोखंडी वस्तू गोड्या पाण्याने धुवाव्यात. मिठाचा अंश राहिला तर तो हवेतली ओल ओढून घेतो. कांड्यांचे सांधे गंजतात आणि कापडाला बुरशी येते. तंबू सावलीत दोन दिवस वाळवून, दोऱ्या मोकळ्या करून, पिशव्या आणि बॅटऱ्यांसह एकाच पेटीत भरावा. बॅटऱ्यांतले सेल मात्र काढून वेगळे ठेवावेत.